दम लागलाय की दम गेलाय?

जुनी गाडी धापा टाकायला लागली की सल्ले दोनच मिळतात. ‘भंगारात काढ’ किंवा ‘इंजिन खोल’. पण त्याआधी तासाभराची एक तपासणी असते, हे मला ब्राह्मणपुरीच्या खळ्यात कळलं!

तर झालं असं की, दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते. मामा राहतो ब्राह्मणपुरीला. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग आणि सगळीकडे केळी, पपई, कापूस. मामाच्या खळ्यात ताडपत्रीखाली आजोबांची मारुती ८०० उभी होती. पांढरी. म्हणजे कधीकाळी पांढरी.

१९९७ सालची गाडी. नंबर एमएच-१८, म्हणजे धुळ्याचा. नंदुरबारचा एमएच-३९ कसा नाही, असं कुणी विचारलं की आजोबा खुशीत यायचे. कारण नंदुरबार जिल्हाच मुळी झाला १ जुलै १९९८ ला. ‘माझी गाडी जिल्ह्यापेक्षा मोठी,’ असं ते पाहुण्यांना सांगायचे. आई ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. मीसुद्धा.

आजोबा गेल्यावर गाडी दोन वर्षं अधूनमधून चालली, मग नुसतीच उभी राहिली. आणि यंदा मामेभावाने फर्मान काढलं : भाऊबीजेनंतर भंगारवाला येणार, अठरा हजार देणार, ट्रॉलीला जागा होणार. मी म्हटलं, थांब. मी नेते पुण्याला. तो हसला. ‘आधी शहाद्यापर्यंत तर ने!’

नेली की! नवी बॅटरी टाकली, पेट्रोल बदललं, दोन झटक्यांत सुरूही झाली. पण उभी असताना अशी थरथरत होती की आरशात मागचं काहीच दिसेना. रस्त्याला लागल्यावर पन्नासच्या पुढे जायचं नाव नाही आणि मागे सायलेन्सरमधून फट... फट... फुस्स. वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये थांबले (नाव कशाला घ्या). त्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान दिला आणि निकाल सांगितला : ‘कॉम्प्रेशन गेलंय. रिंगा संपल्या. इंजिन बांधावं लागेल. चाळीस हजार धरा.’

अठरा हजारांची गाडी आणि चाळीस हजारांचं इंजिन! एवढं गणित तर मास कॉमवाल्यांनाही येतं. त्यात १५ वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती फी २०२५ मध्ये केंद्राने दहा हजारांवर नेली. आमच्या गाडीची पुढची पाळी २०२७ ला. जाम टेन्शन. तोंड पाडून परत आले.

मामाने विचारलं, ‘मोजलं का त्याने?’

‘काय मोजलं?’

‘कॉम्प्रेशन, बाई. गेलं म्हणतो ना तो. किती गेलं?’

हँडल मारून बघ

माझं अज्ञान बघून मामा मला विहिरीवर घेऊन गेला. तिथे एक जुनं डिझेलचं ऑइल इंजिन आहे. वीज नियमित नव्हती तेव्हा सगळी बागाईत त्याच्यावर चालायची. आता ते हौसेपुरतं. ‘मार हँडल,’ मामा म्हणाला. मी जोर लावला. अर्धा फेरा झाला आणि हँडल भिंतीला लागल्यासारखं अडलं. मग मामाने वरचा छोटा खटका उचलून धरला. आता हँडल गरगर फिरायला लागलं! वेग आल्यावर त्याने खटका सोडला... धक्क, धक्क, धक्क... इंजिन सुरू.

हा खटका म्हणजे अख्खा फंडा आहे, बरं का. तो उचलला की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, हवा निसटते, पिस्टनला अडवायला काहीच उरत नाही. खटका सोडला की हवा कोंडली जाते, दाबली जाते, तापते आणि डिझेल पेटतं. मला अडवणारी ती भिंत होती ना, तेच कॉम्प्रेशन. पेट्रोलच्या गाडीत पेटवायला प्लगची ठिणगी असते एवढाच फरक. पण हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आधी नीट दाबलं गेलं नाही, तर ठिणगी कितीही चांगली असली तरी जोर येत नाही.

सहज म्हणून सांगते, १८६० च्या सुमाराला लेन्वार नावाच्या गृहस्थाने गॅसवरचं इंजिन केलं होतं, त्यात दाबण्याची भानगडच नव्हती. ते चालायचं, पण गॅस भरपूर खायचं आणि काम बेताचं करायचं. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये जर्मनीत आधी दाब आणि मग पेटव असं चार फेऱ्यांचं इंजिन चालवून दाखवलं, आणि तिथून गाडी शक्य झाली. आमची मारुती त्याच चालीची : ७९६ सीसी, तीन सिलिंडर.

तीन हा आकडा लक्षात ठेवा. चार सिलिंडरच्या गाडीतला एक आजारी पडला तर पाव ताकद जाते. तीनमधला एक गेला तर थेट तिसरा हिस्सा. म्हणून ती थरथर!

मिस्त्री काका येतात

संध्याकाळी मामाने गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. साठी पार केलेले, आयुष्य ऑइल इंजिनं आणि जीपगाड्या दुरुस्त करण्यात गेलेलं. बरोबर एक शिकाऊ पोरगा. मला वाटलं, आता हेसुद्धा कान देऊन निकाल सांगणार. काकांनी काय करावं? सायलेन्सरच्या तोंडाशी किराणा दुकानाची पावती धरली.

गाडी सुरू. कागद बाहेर फडफडत होता, फडफडत होता आणि मध्येच फट्‌कन आत ओढला गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. ठरावीक तालात.

‘हा कागद आत जाऊन राहिला, पाहिलं का ताई?’ काका एवढंच म्हणाले. मला काहीही कळलं नाही.

मग त्यांनी इंजिन चालू असतानाच प्लगची एकेक टोपी उपसून बघितली. (हे घरी करू नका, वीस हजार व्होल्टचा झटका काय असतो ते पोराने मला साभिनय सांगितलं.) पहिली काढली, इंजिन मरायला टेकलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली... काही नाही! आवाजात तसूभर फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर पगार घेत होता, काम करत नव्हता. आपल्या ऑफिसात असतो तसा एक. काकांनी तिसऱ्याचा प्लग पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. आजार तिसऱ्यातच राहिला. म्हणजे प्लगचा दोष नाही.

आता खरी तपासणी. कॉम्प्रेशन गेज म्हणजे टायरची हवा मोजायच्या मीटरचा मोठा भाऊ. प्लग काढायचा आणि त्याच्या जागी हे बसवायचं. बाजारात हजार-पंधराशेत मिळतं. काकांचं जुनं होतं, काचेला तडा, आकडे पौंडात.

पहिला प्रयत्न पोराने केला. नव्वद, पंच्याऐंशी, चाळीस. माझा चेहरा पडला. तिन्ही गेले म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता की काय? काकांनी मात्र पोराला झापलं. ‘ॲक्सिलेटर कोण दाबणार, तुझा काका? दार लावून घेतलं आणि म्हणे मोठा श्वास घे!’

बरोबर आहे ना! कार्बोरेटरची झडप बंद असेल तर हवा आत जाणार कुठून, आणि दाबणार काय? चुकीच्या पद्धतीने मोजलं तर धडधाकट इंजिनसुद्धा आजारी दिसतं. आणि अशा आकड्यांवर इंजिनं उघडली जातात! मी काकांना सगळी पद्धत पुन्हा पुन्हा विचारून लिहून घेतली. इंजिन चालवून गरम केलेलं हवं, पण हेड ॲल्युमिनियमचं असल्याने प्लग काढताना बळजबरी नको, आटे खराब होतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. स्टार्टर रडत फिरला की आकडा खोटा. तिन्ही प्लग काढायचे, एकच नाही, म्हणजे इंजिन मोकळं फिरतं. कॉईलची बारीक वायर सोडून ठेवायची, कारण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिथे ठिणगी नको. (तुमची गाडी एमपीएफआय असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूजही काढा.) ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा, आणि प्रत्येक सिलिंडरला मोजून तेवढेच फेरे द्यायचे. पहिल्याला पाच तर तिसऱ्यालाही पाच.

आता मी ॲक्सिलेटरवर. पोरगा चावी मारतोय, काका गेज धरून.

पहिला : एकशे पंचेचाळीस. दुसरा : एकशे चाळीस. तिसरा : पासष्ट.

‘हं,’ काका म्हणाले.

अशा पेट्रोल गाडीला साधारण दीडशेच्या आसपास आकडा आला की छान, शंभरच्या खाली गेला की काहीतरी बिघडलंय. पण नेमक्या आकड्यापेक्षा एकमेकांतला फरक जास्त बोलतो. कारण गेज थोडं खोटं बोलू शकतं, बॅटरी उतरू शकते, अगदी उंचीचाही फरक पडतो. हीच गाडी महाबळेश्वरला मोजली तर विरळ हवेमुळे आकडा कमी येईल. पण हे सगळं तिघांनाही सारखंच लागू होतं. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊणपटीखाली गेला तर तो सिलिंडर आजारी, असा मिस्त्री लोकांचा ठोकताळा आहे. आमचा तर निम्म्यालाही पोचत नव्हता.

आणि तिन्ही सारखेच कमी आले असते तर? मग झिजही असू शकते किंवा टायमिंग बेल्टचा दात सरकलेला असू शकतो, व्हॉल्व्ह अवेळी उघडतात आणि सगळे आकडे एकदम पडतात. त्यासाठी काही इंजिन बांधायला नको. शेजारशेजारचे दोन पडले तर संशय त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर. आमचा एकटाच कडेचा पडला होता.

चमचाभर ऑइल

सिलिंडरमधून हवा निसटायला वाटा मोजक्याच. खाली पिस्टनच्या रिंगांमधून, वर दोन व्हॉल्व्हमधून किंवा बाजूला गॅस्केटमधून. कुठली, ते कसं कळणार? काकांनी मामीकडून चमचा मागवला (तो परत स्वयंपाकघरात गेला नाही, मामी अजून विचारते). चमचाभर इंजिन ऑइल तिसऱ्या प्लगच्या भोकात सोडलं, इंजिन दोन फेरे फिरवलं आणि पुन्हा गेज लावलं.

ह्यात गंमत अशी, की ऑइल पिस्टनवर पसरतं आणि रिंगांच्या फटी घटकाभर बुजवतं. रिंगा झिजल्या असतील तर आकडा धाडकन वर जातो. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, त्यांना ह्या ऑइलचा काही उपयोग नाही.

पासष्टचे झाले सत्तर. बस.

म्हणजे रिंगा नाहीत! चाळीस हजारांपैकी निम्मे तरी माझ्या डोळ्यांसमोर चमच्यातून वाचले. मी उड्या मारायच्या बेतात होते, पण काका शांत. त्यांनी अजून एक खूण दाखवली. काटा पहिल्या फेऱ्यालाच जिथे जातो तिथेच बसून राहतो आहे. रिंगांचा आजार असता तर तो प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा चढला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची तपासणी झाली पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे, कारण हवेचा कॉम्प्रेसर त्याच्याकडे. शहरात ह्यासाठी चकचकीत यंत्र मिळतं, ‘लीक डाऊन टेस्टर’ म्हणतात. काकांकडे होता एक जुना प्लग. त्याच्या आतली चिनीमाती फोडून काढलेली आणि तिथे ट्यूबचा वॉल जोडलेला. जुगाड, पण काय सही जुगाड!

तिसरा पिस्टन वर आणायचा आणि तोही दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा वेळी. प्लगच्या भोकात चिंधीचा बोळा हलकेच ठेवून पोराने इंजिन हाताने फिरवलं. बोळा फक्‌कन उडाला, म्हणजे हवा दाबली जाते आहे. मग रसवंतीतली लांब स्ट्रॉ आत धरून पिस्टन वर टेकेपर्यंत बघितलं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. नाहीतर हवा सोडल्यावर पिस्टन खाली पळतो आणि पान्याला हात असेल तर हाताचं काही खरं नाही. मग थोडीशी हवा सोडली आणि काका म्हणाले, ‘आता ऐका ताई.’

कार्बोरेटरला कान लावला. शांत. ऑइल भरायचं झाकण उघडून ऐकलं. अगदी बारीक सुस्कारा, तेवढा सगळ्याच इंजिनांत असतो, नवीनसुद्धा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे? नाहीत, म्हणजे गॅस्केट ठीक. मग मी गाडीच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसले आणि सायलेन्सरशी कान नेला.

स्स्स्स्स्स...

स्पष्ट. न थांबणारा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. इंजिनाचा एक नट न खोलता कळलं! आणि तेव्हा कुठे मला किराण्याच्या पावतीचा अर्थ लागला. व्हॉल्व्ह न मिटल्यामुळे तो सिलिंडर हवा घेताना सायलेन्सरच्या नळीतूनही ओढत होता, म्हणून कागद ठरावीक तालात आत जायचा. काकांना पहिल्या पाच मिनिटांतच संशय आला होता. तरी त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. मी विचारलं, आधीच का नाही सांगितलं? ‘कागद खोटं बोलला असता तर?’ म्हणाले.

गप्प टॅपेटची गोष्ट

हेड उतरवलं. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने चंद्रकोरीएवढी खाल्ली गेली होती, जळून. बाकीच्या दोघांवर काळे डाग. सिलिंडरच्या भिंती मात्र गुळगुळीत. काकांनी नखाने चाचपून दाखवल्या.

व्हॉल्व्ह जळतो का? मला वाटायचं जुनी झाली की जळत असेल. तसं नाही. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमध्ये एक बारीक फट ठेवलेली असते, मिलीमीटरच्या अंशातली. तिलाच आपण टॅपेट ॲडजस्ट करणं म्हणतो. व्हॉल्व्ह तापला की लांबतो, त्यासाठी ती जागा. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह सीटवर आपटत आपटत थोडा आत बसत जातो आणि फट कमी होत जाते. शेवटी फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद असताना सीटला टेकूनच आपली उष्णता सोडत असतो. टेकलाच नाही तर तापतच राहतो, शिवाय पेटलेला गॅस त्या फटीतून फुंकणीसारखा जातो. मग कड जळते.

आणि हे होताना आवाज येत नाही! उलट फट मोठी झाली तर टॅपेट टिकटिक वाजतात, आपण धावत गॅरेजला जातो. फट संपली तर इंजिन छान मऊ, गप्प. आजोबा शेवटच्या वर्षांत अभिमानाने सांगायचे, ‘बघ, किती शांत चालते.’ मला आठवलं आणि कसंतरीच झालं. मामालाही आठवलं असावं. तो उठून चहा सांगायला गेला.

पुढचं काम पटकन सांगते. हेड शहाद्याच्या लेथवाल्याकडे गेलं, सीट साफ झाल्या, एक व्हॉल्व्ह नवीन, बाकीचे पेस्ट लावून हाताने घासले. व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवलं आणि त्यात रॉकेल ओतून अर्धा तास बघत बसलो. कुठेही पाझर नाही. नवं गॅस्केट, नवे ऑइल सील आणि उघडलंच आहे तर नवा टायमिंग बेल्टही. सगळं मिळून सात हजार चारशे. काकांची मजुरी त्यात बाराशे. मी जास्त देऊ केले तर रागावले.

अर्थात प्रत्येक गाडीला असं स्वस्तात सुटता येत नाही, हेही सांगायला हवं. चमचाभर ऑइलने आकडा वर गेला असता तर रिंगांचंच काम होतं, निळा धूर आणि महिन्याला लिटरभर ऑइल पिणारी गाडी असेल तर बहुधा तेच निघतं. तेव्हा मग भंगारवाल्याचा फोन लावणंही शहाणपणाचं असू शकतं. मी स्वतःशी ठरवलंच होतं : तिन्ही आकडे शंभरच्या खाली आले आणि ऑइलने चढले, तर हट्ट सोडायचा.

जोडून झाल्यावर पुन्हा गेज. एकशे पंचेचाळीस, एकशे बेचाळीस, एकशे अडतीस. काकांनी हे तीन आकडे खडूने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहिले, तारखेसकट. ‘पुढच्या मिस्तरीला कामी पडतील.’

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी निघाले. सारंगखेड्याला तापीचा पूल, दोंडाईचा, धुळे, मग नाशिक. संगमनेरच्या पुढचा चंदनापुरी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली, आणि मी स्टिअरिंगवर थाप मारली. मामेभावाला फोटो पाठवला. उत्तर आलं : ‘ट्रॉलीला जागा झाली. थँक्यू.’

हजार किलोमीटर झाल्यावर टॅपेट पुन्हा बघून घ्यायला काकांनी बजावलं होतं. परवा पुण्यात एका गॅरेजला गेले. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, कान दिला आणि म्हणाला, ‘मॅडम, टॅपेट थोडे वाजतायत. टाइट करून एकदम सायलेंट करून देऊ का?’

मी पर्समधून फिलर गेज काढलं.